कानामागून आलेली

सत्तावीस वर्षं टपालाची गाडी हाकली,
किंगरॉयपासून आत, लाल मातीच्या वाटांनी,
भुईमुगाच्या शेतांमधून, एकशे चाळीस पेट्या,
आणि उजव्या खिडकीची काच कायम खाली.

खालच्या पापणीवर ती आली तेव्हा
मी रांजणवाडी समजले.
गरम फडक्यानं शेकली.
नवरा म्हणाला, जाईल.
गेली नाही. कधी खपली धरायची,
कधी अभ्र्यावर रक्ताचा ठिपका,
आणि मधल्या काळात मोत्यासारखी चकाकायची.
देखणी होती. हे मी कुणाला सांगितलं नाही.

टूवूम्बाच्या डॉक्टर थिलिनी म्हणाल्या, कर्करोग.
लगेच म्हणाल्या, पण सगळ्यांत आळशी जातीचा.

कापलं, आणि मला बाहेर बसवलं,
डोळ्यावर बोळा, हातात बिस्किट.
आत कुणीतरी माझा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन
त्याच्या कडा तपासत होतं,
शेताच्या मोजणीला आल्यासारखं.
एका कडेला अजून होता.
परत आत. परत कापलं. परत बिस्किट.
मग परिचारिका आली, म्हणाली, निघाला सगळा.
किती उरलं? मी विचारलं.
डोळा अख्खा आहे, ती म्हणाली.
मी पापणीचं विचारत होते.

हात पुसायच्या कागदावर डॉक्टरांनी चित्र काढलं:
वरच्या पापणीचं अस्तर खाली ओढायचं,
खालच्या खिंडाराला आतून लावायचं,
बाहेरून ठिगळ, कानामागच्या कातडीचं.
अस्तर जगायचं तर वरून रक्त मिळत राहायला हवं,
म्हणून पाच आठवडे डोळा शिवलेला.
वरचीनं खालचीला उसनं द्यायचं
आणि ते अंगी लागेपर्यंत
दोघींनी एकमेकींना धरून राहायचं.
एडलिनकडे, माझ्या बहिणीकडे,
मी नऊ वर्षांपूर्वी पैसे मागितले होते.
असो.

पाच आठवडे पापणीला पापणी लागलेली
आणि रात्रभर पापणीला पापणी नाही.
नवरा रोज सकाळी, मला डोळा मारतेस होय?
पहिल्या दिवशी हसले.
विसाव्या दिवशी चहा कपाच्या शेजारी ओतला,
मुद्दाम नव्हे, अंतरच कळत नव्हतं,
पण त्याच्या पायावर पडला ते बरं झालं.
शिवलेल्या डोळ्याआड काळोख नव्हता.
लालसर काहीतरी होतं, आमच्या मातीच्या रंगाचं,
दिवा लावला की उजळायचं.

मग एका गुरुवारी, सुईनं बधिर करून,
दहा मिनिटांत, छोट्या कात्रीनं
मधली वाट मोकळी केली.
आधी दिसला डॉक्टरांचा अंगठा. भला मोठा.
मिटा, त्या म्हणाल्या.
मिटला.
उघडा.
चौसष्ट वर्षं कुणी न सांगता करत आले होते हे.

नव्या पापणीवर केस नाहीत.
जराशी जाड, रंगानं फिकट;
कानामागे कधी ऊन पोचलंच नव्हतं तिला.
कानामागून आली, पण तिखट काही झाली नाही.
अजून पाहुण्यासारखी वागते बिचारी,
वाऱ्यात डोळा भरला की
पाणी कसं अडवायचं ते तिला ठाऊक नाही.

काच आता वर असते.
फाटकाशी कुणी उभं असलं तरच खाली घेते.
काल हर्मन झेल्नर उभा होता, वारा सुटलेला.
पाकीट त्याच्या हाती दिलं
आणि माझ्या गालावरून धार लागली.
त्यानं पाकीट उघडलंच नाही.
वेल्मा, वाईट बातमी आहे का?
विजेचं बिल आहे, मी म्हणाले. डोळा वाऱ्यानं गळतो.
एवढं झाल्यावर माणसं आत जातात.
तो गेला नाही.
टोपी काढली, पांढरे केस मागे सारले,
कानाची पाळी माझ्याकडे वळवली.
हे काय असेल, बघतेस जरा?

मी इंजिन बंद केलं.