जुनी ट्यूब

बाबालाल शिकलगारांनी ट्यूब घमेल्यात बुडवली
आणि बुडबुडा कुठून येतोय ते वाकून पाहू लागले.
रहिमतपूर, स्टँडपासून जरा आत, चिंचेखाली.
सकाळचे साडेनऊ.
"पाणी खोटं बोलत नाही," म्हणाले,
"माणूस म्हणतो खिळा होता, पाणी म्हणतं बाभळ."

सहा ठिगळं आधीची.
अंगठ्यानं एकेक चाचपत ते विचारत गेले, हे कुठलं,
आणि मला सगळी आठवली.

हे माहुलीचं.
राजाच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे म्हणतात
तिथंच एक जिवंत कुत्रं मागं लागलं,
बिनराजाचं, एका कानाचं.
मी जीव खाऊन पायडल मारलं ते थेट काचेवर.
ते थांबलं, चाक हुंगलं, शेपूट हलवली.
दोघंही ओशाळलो.

हे कोरेगावच्या अलीकडचं, घेवड्याच्या दिवसांतलं.
अर्ध्या डांबरावर शेंगा पसरलेल्या,
चाकाखाली तडतड तडतड,
आणि बांधावरून म्हातारा ओरडतोय,
"जाऊ द्या, जाऊ द्या, तेवढीच मळणी!"

हे वर्धनगडाच्या घाटातलं.
तिथं मी रडले होते.
पंक्चरमुळे नव्हे.

ही दोन शेजारी-शेजारी, औंधच्या वाटेवरची.
एका दगडाला सायकल टेकवली
आणि बिडिंग काढता काढता दिसलं की तो वीरगळ आहे:
खाली गाई, मध्ये झुंज,
वर तोच माणूस, हात जोडून, शांत बसलेला.
सायकल उचलली. मनात माफी मागितली.
आसपास टेकवायला दुसरं काहीच नव्हतं.
पुन्हा टेकवली.

सहावं उसाच्या ट्रॉलीमागचं.
"ते सगळ्यांचंच असतं," बाबालाल म्हणाले.

आणि आजचं.
हँडलवरच्या पडद्यावर चढ सात टक्के,
नाडी एकशे एकसष्ट,
आणि पुढचं चाक हळूहळू खाली बसत चाललेलं.
तेवढ्यात शाळेची एक पोरगी आली,
बिनगिअरची निळी सायकल, ओढणी कमरेला खोचलेली,
कॅरिअरला दप्तर आणि दप्तरावर कोथिंबिरीची जुडी.
माझ्या हेल्मेटकडं, मग चाकाकडं बघून म्हणाली,
"काकू, घाटानं कशाला? पाटानं जावा की."
पडद्यावर पाट नव्हता.
"किती लांब आहे?"
"दोन गाण्यांचं. सावकाश म्हणलं तर दीडच."

सायकल हातात धरून मी पाटानं आले.
चढ कुठं गेला कळलं नाही.
डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला आल्याचे वाफे,
मध्ये चाकोरी, एकाच चाकाची,
रोजच्या जाण्यायेण्यानं घासून गुळगुळीत झालेली.
वीस वर्षं विमा कचेरीत बसून मी या तालुक्याचे
सगळे पत्ते टाइप केलेत.
हा रस्ता एकाही पत्त्यात नव्हता.

बाबालालनी टायरच्या आतून बोट फिरवलं.
या बोटांच्या खापरपणजोबांनी
तलवारीच्या पात्यावरून असंच बोट फिरवलं असेल.
टोक सापडलं. चिमट्यानं ओढून तळहातावर ठेवलं.
बाभळच.

"पण ताई, ही ट्यूब आता बदला," म्हणाले,
"ठिगळाला ठिगळ भिडाय लागलं."
नवी बसवली, हवा भरली, तिचे पैसे घेतले, हवेचे घेतले नाहीत.
मग जुनी मांडीवर घेऊन कात्रीनं कापू लागले.
माहुली बाजूला पडली, कोरेगाव पडलं,
तो वीरगळाचा जोड पडला,
वर्धनगड पडला. मी काही बोलले नाही.

ठेवला तो मधला भाग,
जिथं कधीच काही घडलं नव्हतं:
नुसता चाललेला रस्ता, मैलच्या मैल,
जो मला एकही आठवत नाही.
त्याचे चौकोन कापून, कानशीनं घासून
बिस्किटाच्या डब्यात टाकले.

मागं दूधवाला उभा होता,
हँडलला किटल्या, मागचं चाक पार बसलेलं.
"लवकर बघा, दूध नासंल."
बाबालालनी न बघताच
डब्यात हात घातला.