हाडूक

डांबरला त्यानं सायकलच्या कॅरिअरवर आणलं,
गोणपाटात, रसवंतीवरून मागितलेल्या बर्फासकट.
सेमिनरी हिल्सचा चढ, मे महिना, साडेअकरा.
बर्फाचं पाणी थेंबत आलं होतं
आमच्या शवविच्छेदन-खोलीच्या पायरीपर्यंत.

वासुदेव निनावे, गोळीबार चौक.
धंदा : कुलरच्या तट्ट्या भरणे.
स्वतःचं वय नक्की ठाऊक नव्हतं, कुत्र्याचं होतं :
चार उन्हाळे.

तीन दिवस खाणं नाही.
आवाज बदलला, मग गेलाच.
खालचा जबडा लोंबलेला. लाळ.
चावला? कोणालाच नाही.
"हाडूक अटकलं असन म्हणून
मी हात घातला ना मॅडम, पार मनगटापावतर.
काईच नाई लागलं हाताले."

मी पेन खाली ठेवलं.
"हात दाखवा."

दहा बोटं.
तारेचे, वाळ्याच्या काड्यांचे काप,
जुने, ताजे, काल रात्रीचे.
आमच्या हिरामण रामटेकेनं काही न विचारता
साबण काढला, नळ सोडला
आणि घड्याळ बघत उभा राहिला.
पंधरा मिनिटं. टाकीचं पाणी कढत होतं.

"इथून सरळ मेडिकलला जा. लस आजच.
माझ्या निकालासाठी थांबू नका."
"पर त्यानं चावलं नाई मले."
"नाही चावलं."
"मंग?"

मग काय सांगायचं.
की दात ही फक्त एक वाट आहे.
की जखमेतून शिरला की तो रक्ताच्या हमरस्त्यानं जात नाही,
तिथं पहारे असतात;
नसेच्या बोळातून सरकतो, दिवसाला थोडा थोडा,
मेंदूपर्यंत,
आणि तिथून उलटा उतरतो लाळेत.
की सगळीच कुत्री पिसाळून धावत नाहीत.
काही नुसती गप्प होतात, पलंगाखाली जातात.
घसा गिळणं विसरतो
आणि घरच्यांना वाटतं, हाडूक.

हे सगळं नाही सांगितलं.
"जा," म्हणाले.

पार्व्होचं आतडं उघडलं की स्वतःच सांगतं,
वासानंच सांगतं.
गोचीडतापात प्लीहा फुगून वर येते,
डिस्टेंपरमध्ये पंजाची गादी खडबडीत होते, हाताला कळतं.
हा मेंदू मात्र हातात आला तेव्हा
कुठल्याही मेंदूसारखा होता,
जरासा लालसर, इतकंच.
बावीस वर्षं झाली, मला हे अजून पचलेलं नाही.

काचेवर ठसे घेतले, लहान मेंदूचा, मेंदूच्या देठाचा.
ॲसिटोन. शीतपेटी. मग इनक्युबेटर, सदतीस अंशांवर.
बाहेर सेहेचाळीस होतं;
हिरामण म्हणाला, "त्या पेटीतच बसाव वाटते."

अंधाऱ्या खोलीत डोळा लावला.
आधी नुसता काळोख.
मग एक हिरवा ठिपका, मग धूळ, हिरवी,
मग इतकी की मोजायचं सोडलं.
सुंदर होतं. हे लिहायला नको, पण होतं.

फोनवर दुकानातला ठोकठोक आवाज.
"लस घेतली?"
"हौ. बोटाबोटात सुया टोचल्या बाप्पा."
"पुढची चुकवू नका. एकही."
तो बराच वेळ गप्प.
"म्हंजे हाडूक नोयतंच."
"नव्हतं."
"मी हात घातला तवा त्याले दुखलं असन काय?"

मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही.
काहीतरी दिलं असणार.

शेवटच्या सुईच्या दिवशी आला, जूनमध्ये,
कॅरिअरवर नवी ताटी बांधून.
पैसे घेईना. आमच्या खोलीच्या कुलरला त्यानंच बसवली,
काप भरत आलेल्या बोटांनी तारा पिळून.

हिरामणनं पंप लावला.
फॉर्मलिनच्या वर, ब्लीचच्या वर
ओला वाळा दरवळला.
"याच्याखालीच निजे तो," निनावे म्हणाला,
"थेंब पडत तिथं."
आणि आम्ही तिघांनीही
कुलरच्या खालच्या ओल्या फरशीकडे पाहिलं.