नोव्हेंबरचे आकडे

डुलुथच्या टेकडीवर, चॅनल चौदाच्या इमारतीत
मी अक्षरं वर सरकवते.
एवढंच काम. कॅमेऱ्याच्या तोंडावर काच,
काचेवर बातमी, काचेपलीकडे आर्विड लिंडक्विस्ट :
एकोणीस वर्षं तेच जाकीट, तोच कोरडा आवाज.
खाण बंद पडली. दर वाढले. सरोवर गोठलं.
माझा अंगठा थांबला की तोही थांबतो.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात
गोदीतल्या आगीची नावं वाचताना
मी थांबले नव्हते, तरी तो थांबला.
सात सेकंद.
तिसरं नाव त्याच्या शाळासोबत्याचं होतं, टॉइवो.
एक थेंब पावडरमधून वाट काढत हनुवटीपर्यंत आला
आणि आम्ही सगळे कंट्रोल रूममध्ये
आपापल्या बुटांकडे पाहत राहिलो.

सकाळी आकडे आले.
चार दशांशांनी वर.

मार्लीन कोवॅच, वृत्तविभागाची प्रमुख, हातात अर्धा डोनट,
म्हणाली, सात जरा जास्तच झाले, पाच पुरेत.
आणि डावा डोळा हं,
उजवीकडे हवामानाचा नकाशा येतो.

तेव्हापासून माझ्या मजकुरात, कंसात, जाड अक्षरांत :
(रडा)
आणि लगेच बर्फ उपसायच्या यंत्राची जाहिरात.
सोमवारी वृद्धाश्रम, मंगळवारी हरवलेलं कुत्रं,
बुधवारी काहीच घडलं नाही
तर त्याबद्दलही (थोडं रडा).
मेकअपवाल्या डोलोरेसने ग्लिसरीनची बाटली
थर्मासशेजारी आणून ठेवली.
समोरच्या चॅनलने दोन रडणारे ठेवले, एक बाई, एक बाप्या.
म्हातारी मेल्याचं दुःख इथे नव्हतंच कुणाला,
आणि काळ तर केव्हाच सोकावला होता,
दहाच्या बातम्यांत, प्रायोजकांसकट.

मग एका गुरुवारी आर्विडने वाचलं,
खाण-दर-सरोवराच्या त्याच आवाजात :
"कंस सुरू. रडा. कंस पूर्ण."

मग हात टेबलावर ठेवून म्हणाला,
"टॉइवो पोहण्यात माझ्या पुढे असायचा."
हे काचेवर नव्हतं.
मार्लीनने कट म्हणायला हात वर केला
आणि तो तसाच हवेत राहिला.
मी पाहिलं, ती बोटांवर सेकंद मोजत होती.

नऊ दशांश.
सोमवारच्या मजकुरात आलं :
("कंस सुरू, रडा, कंस पूर्ण" असं वाचा. मग रडा.)

त्याच आठवड्यात माझ्या घरी पाकीट आलं.
सर्वेवाल्यांची वही, आत एक-एक डॉलरच्या दोन कोऱ्या नोटा.
काय पाहता ते सात दिवस लिहा.
आपलं एक घर एकशेचाळीस घरांच्या बरोबरीचं आहे.
मी एकटी राहते, दोन खोल्यांत, भाड्याने.
एकशेचाळीस घरं त्या रात्री
माझ्या एका शेगडीभोवती उभी राहिली, पिठल्याकडे बघत.

पहिल्या पानावर प्रश्न होता :
घरात कुणी टीव्हीत काम करतं का?
मी लिहिलं, नाही.
रविवार, रात्री दहा : टीव्ही बंद.
खिडकीतून लोखंडी पूल वर जाताना पाहिला,
धातुकाची लांबडी बोट, एक लांब भोंगा, दोन आखूड.
शेरा : चांगलं होतं. पुन्हा लावावं.
उरलेल्या सहा रात्रीही मी हेच लिहिलं,
खरं तर तेव्हा मी कामावर होते.

डिसेंबरात आकडा घसरला, किंचित.
एकशेचाळीस घरं कुठे गेली म्हणून
मिनियापोलिसहून दोन माणसं आली, टाय लावून.
दुपारभर दार बंद. सँडविचं मागवली गेली.
संध्याकाळी मार्लीनने मजकूर हातात दिला,
कागद अजून गरम होता.
आर्विड बसला, जाकीट ओढून सरळ केलं,
लाल दिवा लागला,
मी अंगठा ठेवला.

आजच्या बातम्या. दोन अपघात, एक शाळा.
(हसा)