छापील प्रवचनात न आलेलं

प्रवचन छापून आलं. चोवीस पानं, काळी चौकट.
पास्टरनं सगळं एकाखाली एक लावलंय:
जन्म वेरा नदीकाठी, कातडी कमावणाऱ्याच्या घरी,
सहाव्या वर्षी लॅटिन, विसाव्या वर्षी पादुआ,
तिशीच्या आत डॉक्टर, मग रोमन कायद्याचं अध्यासन,
दोनदा रेक्टर, तीन बायका, अकरा मुलं
(सात पुढे गेलेली),
शेवटी दमा, शेवटी स्तोत्र,
आणि 'शांतपणे निजले'.

शांतपणे?
उशाशी दिवा धरून मी उभा होतो.

मी टिलमन, त्यांचा लेखनिक.
एकोणीस वर्षं जेवायला मेजाच्या खालच्या टोकाला,
जिथे हेरिंगचं डोकं पोचतं, शेपूट पोचतं,
मधलं पोचत नाही.
डॉक्टर व्हेंडेलिन ओस्टरराट बोलू लागले
की वाक्य संपेतो सूप निवायचं.
प्राध्यापकाला घरी बिअर गाळायचा हक्क असे;
दुसऱ्या बाईसाहेब, सिबिला, झकास गाळायच्या.
अर्धे विद्यार्थी कायद्याकडे वळले ते त्या वासानं.

स्वीडिश आले त्या हिवाळ्यात
व्याख्यानगृहात घोडे बांधले,
जाडजूड टीकाग्रंथ चिखलात घातले, चाकांखाली.
डॉक्टर मात्र ठरल्या वेळी हजर.
उसन्या बैलाच्या भरपाईवर बोलत राहिले.
एक करडा घोडा मान हलवायचा.
'याला कळतंय,' म्हणाले, 'पुढे जाऊ.'

शहाण्यानं ती पायरी चढू नये म्हणतात.
आमचं घरच त्या पायरीवर.
गावोगावची न्यायालयं कागद पाठवायची
कातडी पिशवीतून, विद्वानांचं मत मागायला.
दर मताला चार टालर.

एका मंगळवारी पिशवी आली डोर्नहाऊजेनहून.
ओटिलिए क्नाप. सुईण. वय एकसष्ट.
शेजारच्या गाईचं दूध लाल,
एक बाळ निळं जन्मलेलं,
साक्षीदार पाच, त्यातले तीन एकाच घरचे.
बाई काही कबूल करत नव्हती.
डॉक्टर सांगत गेले, मी लिहीत गेलो:
'मध्यम यातना देणं कायद्याला धरून आहे.'
मी विचारलं, मध्यम म्हणजे?
त्यांनी मेणबत्तीची काजळी कापली.
सावकाश.
'मध्यम म्हणजे जास्त नाही.'

मी लिहिलं. हात स्थिर होता माझा,
शेवटच्या अक्षराला वळणसुद्धा दिलं.

चार टालर आले.
धाकट्याला बूट झाले, उरल्याचं जायफळ.
सहा आठवड्यांनी डोर्नहाऊजेनचं पत्र:
कैदी दुसऱ्या फेरीनंतर कोठडीत मेलेली आढळली,
मान मोडलेली, सैतानाचं काम असावं.
डॉक्टरांनी दोनदा वाचलं.
मग म्हणाले, 'व्याकरण चुकलंय त्यांचं.'

त्या वर्षी त्यांनी पुराव्यावर ग्रंथ सुरू केला.
पहिलं प्रकरण मी सतरा वेळा उतरवलं.
प्रत्येक वेळी सुरुवात तीच: 'संशय असेल तेव्हा'
आणि पुढे एक स्वल्पविराम,
आणि पुढे निब वाळेपर्यंत काही नाही.
पिशव्या येतच होत्या.
बैठकीत ते कधी म्हणायचे, सोडून द्या,
एकटेच, बाकीचे खाकरायचे.
कधी म्हणायचे नाहीत. गारठा असला, मुलीचं लग्न असलं.
मी मोजत होतो. त्यांना ठाऊक होतं मी मोजतोय.

शेवटच्या रात्री श्वास करवतीसारखा.
मधेच स्वच्छ आवाजात: 'टिलमन, किती?'
मला वाटलं, वेळ विचारतायत.
दोन वाजले, म्हणालो.
त्यांनी मान हलवली
त्या करड्या घोड्यासारखी.

तिसऱ्या बाईसाहेब व्यवहारी.
हस्तलिखिताची पानं कापून त्यांनी
मुरवलेल्या आलुबुखारच्या बरण्यांना बांधली, सुतळीनं.
एक बरणी मी मागून घेतली, पगाराच्या थकबाकीत.
खिडकीत ठेवलीय.
झाकणावरची शाई दमटपणानं फुटलीय, तरी वाचता येते.

अजून उघडलेली नाही.