दगडफूल

तिसरा शनिवार, साडेपाच.
एकशे वीस खुर्च्या मांडल्या,
चौतीस भरल्या. पंख्याखालच्या आधी.
माईकला टिचकी मारली
आणि डॉ. यामिनी पाठारेंना खूण केली.

चेंबूरच्या या हॉलात मी सगळी व्याख्यानं ऐकलीत,
खारफुटी, घुबडं, गांडुळं, खाडीतला गाळ.
म्हणजे कानावर पडलीत,
कारण मध्येच चहाचं बघावं लागतं.

आज लायकेन.
बाई म्हणाल्या, हे झाड नाही, नुसती बुरशीही नाही.
बुरशीनं घर दिलंय, शैवाल स्वयंपाक करतं
आणि दारावर पाटी एकच.
मुळं नाहीत त्याला.
जे काय खायचं-प्यायचं ते हवेतून.
म्हणून हवा नासली की पहिलं तेच उठून जातं,
मागे काही न ठेवता.

मग रांगेतून एक काडेपेटी फिरली, सोबत भिंग.
इंदुमती गुप्त्यांनी भिंग बाजूला ठेवलं, हुंगलं,
"अगंबाई, हे तर दगडफूल! गोड्या मसाल्यातलं!"
हॉल हसला. बाईही.
"तेच. पण हे डोंगरातून आलंय.
इथल्या झाडावर शोधून दाखवा."

प्रश्नोत्तरांत कुणी रिफायनरीचं काढलं,
कुणी आभाराच्या नावाखाली आपलंच भाषण उरकलं.
दिवे मालवताना दिसली,
काडेपेटी राहून गेलेली. अर्धीच.
उरलेलं कुणाच्या तरी पर्समध्ये,
उद्याच्या आमटीत.

रविवारी आवारात फिरलो.
पर्जन्यवृक्ष कोरा. आंबा कोरा.
टाकीमागच्या भिंतीवर मात्र,
जिथं ऊन फिरकत नाही, सेक्रेटरीही फिरकत नाही,
राखाडी-हिरवा एक डाग, कडेला कुरतडल्यासारखा.
रुपयाचं नाणं लावून पाहिलं. नाण्याहून लहान.
पेन्सिलीनं कड आखली, तारीख घातली.
बाई म्हणाल्या होत्या,
वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतं.
माझ्या निवृत्तीला चार मिलिमीटर उरलेत.

सोमवारी रंगारी आला, चुन्याची बादली घेऊन.
म्हटलं, एवढा वीतभर तुकडा सोड.
"का? ओल आहे?"
नाही.
"मग काय आहे?"
मला बाईंसारखं सांगता येईना.
तो डागाकडे बघत राहिला, मग माझ्याकडे,
ब्रश निथळत होता.
"सोडतो," म्हणाला,
"पण बिलातून तेवढं कापायचं नाही."