पावसानंतर, साडेतीनला

हानुसची बॅग चार दिवस पलंगावर उघडी पडली आहे.
आम्ही दोघं तिच्या दोन बाजूंना झोपतो,
मधे आजारी कोकरू निजवावं तशी ती.

बेलेमला जायचंय. ब्राझील.
विषुववृत्ताच्या नखभर खाली, मी नकाशात मोजलं.
तिकीटवाल्या मुलीने सांगून ठेवलंय:
सुती, सैल, फिकट.
आमच्या कपाटात सगळं जाड, घट्ट, काळं.
वागुरच्या दुकानात फेब्रुवारीत अर्धी चड्डी मागितली
तर मालान हसत काउंटरमागे बसली ती उठेचना.
शेवटी पोहायच्या तलावावरची निळी घेतली,
आणि पांढरा शर्ट, आजवर फक्त मयताला घातलेला.

लोकरीचा स्वेटर त्याने तीनदा ठेवला,
मी तीनदा काढला.
"विमानात गार असतं," म्हणतो.
काट्यावर टाकून दाखवला. नऊशे ग्रॅम.
नऊशे ग्रॅम थंडी कशाला नेतोस रे तिकडे?

वाऱ्यावर सुकवलेली मेंढीची तंगडी नेता येत नाही.
कायदा आहे, शिवाय शेजारच्या प्रवाशाला नाकही आहे.
डासांचं मलम, हिवतापाच्या गोळ्या, पोटाच्या गोळ्या,
आणखी एका डबीतल्या कशावरच्या ते मी विसरले.

पण खरं अडलंय ते गोळ्यांपाशी नाही.
साठाव्या वर्षी कळलेल्या भावाला काय न्यायचं?
एदिनाल्दो. वय त्रेसष्ट. म्हणजे थोरला.
सासरे बोटीवर होते तेव्हाची गोष्ट,
आमच्या घरात कधी जेवायला न बसलेली.

पत्र पोर्तुगीजमध्ये. मासळीच्या कारखान्यातल्या
लुसिनेतेने वाचून दाखवलं, चहा गार होऊ देत.
काही आणू नका, असं लिहिलंय.
मंगळवारी या, पावसानंतर, साडेतीनला.

"पावसानंतर?" हानुस म्हणाला.
आमच्याकडे पावसानंतर असं काही नसतंच.
आडवा असतो, तिरपा असतो,
कड्यावर तर खालून वर येतो.
लुसिनेते हसली. तिकडे तो दुपारी येतो, म्हणाली,
दोन-अडीचला, सरळ, कोमट,
आणि काम आटोपलेल्या माणसासारखा निघून जातो.
लोक भेटी ठरवतात त्या त्याच्या अलीकडे, नाहीतर पलीकडे.
दोनच्या सुमाराला बायका दोरीवरचे कपडे काढतात.

हानुसने कप खाली ठेवला. मीही ठेवला.

सासरे रोज दोनला उठायचे.
पेपर वाचत असोत, कुणाशी भांडत असोत,
उठून खिडकी लावायचे आणि म्हणायचे, "कपडे काढा."
दोरीवर कपडे असोत नसोत,
बाहेर सकाळपासून झोडपत असो, बर्फ पडत असो.
आम्ही हसायचो. वय झालं, म्हणायचो.
सासूबाई हसायच्या नाहीत.
डोक्यावर शाल घेऊन बाहेर जायच्या
आणि रिकामी दोरी बघून परत यायच्या.

काल रात्री हानुस माळ्यावर चढला,
चिमट्यांची पिशवी घेऊन उतरला.
लाकडी, सासऱ्यांनी हिवाळ्यांत चाकूने कोरलेले.
बेटावर झाड नाही. समुद्र जे लाकूड टाकून जाईल त्याचे,
एक चिमटा दुसऱ्यासारखा नाही.
मोजले. तेवीस.
बारा त्याने मोज्यात भरले,
मोजा निळ्या चड्डीत गुंडाळला.
अकरा माझ्याकडे सरकवले.

स्वेटर पुन्हा आत गेलाय. मी बघितलंच नाही.

"छत्री घेऊ का विकत?" विचारतो.
या घरात छत्री कधी नव्हती, इथला वारा ठेवत नाही.
नको, म्हटलं.
साडेतीनला बोलावलंय ना.