मधली सोळा मिनिटं

पुण्याला समुद्र नाही.
मुठेत धरणातून सोडतील तेवढं पाणी,
तेही वेळापत्रकानं.
तरी बिबवेवाडीत, आमच्या जेवणाच्या टेबलावर
दोन महिने अरबी समुद्र पसरलाय,
त्याच्यावर वरणाचा एक डाग,
मंगळुरूच्या जरासा पश्चिमेला.

बेटावर आमचे पंप खाऱ्याचं गोडं करतात.
महिन्यातून दोनदा कुणीतरी जावंच लागतं
व्हॉल्व्ह बदलायला, मेम्ब्रेन धुवायला.
पावसाळ्यात बोटीचा भरवसा नाही,
मोठ्या विमानात सुट्या भागांची पेटी चढू देत नाहीत.
मी अठ्ठावन्न वर्षांची. परवाना आहे,
चष्मा आहे,
चाकणचा प्लॉट विकून आलेले पैसे आहेत.

उपेंद्र चौकटीच्या वहीत हिशेब मांडतो,
उजव्या हातानं. डावा मांडीवर असतो,
कुणी सांभाळायला दिल्यासारखा.
किनारा ते बेट, तीनशे सत्तर किलोमीटर.
दहा हजार फुटांवर इंजिन गेलं
तर अठ्ठावीस किलोमीटर तरंगत येता येतं,
मागे किंवा पुढे.
उरले मधले तीनशे चौदा.
त्या वेगानं अठ्ठ्याहत्तर मिनिटं
ज्यांच्या खाली नुसतं पाणी.
"पाण्यात पडलं की पोहता येतं," मी म्हटलं.
त्यानं वहीतून वर पाहिलं नाही.

म्हणून टिळक तलाव.
रविवारी, मुलांची बॅच सुटल्यावर,
फुगवायचा तराफा उलटा टाकून
सुलटा करायला शिकले.
चार वेळा नाकात पाणी. पाचव्यांदा जमलं,
तर काठावरचे एक गृहस्थ टॉवेल पिळत म्हणाले,
"इथे बुडायला परवानगी नाही."

विमा कंपनी तर मला
पहिल्या फोनपासूनच पाण्यात पाहते.

बारामतीच्या हँगरात जोसेफ साळवे
दोन इंजिनांच्या एका जुन्या विमानाचं
पोट उघडून बसला होता.
एक बंद पडलं तर?
बोटं पुसत म्हणाला, नाक मेलेल्या बाजूला वळतं, मॅडम.
जिवंत बाजूचा पाय दाबून धरायचा.
सोडायचा नाही. मांडी थरथरते.
किती वेळ?
किनारा येईपर्यंत.

ती मांडी मला माहीत आहे.
तीन वर्षं मी त्याला बाथरूमपर्यंत नेते.
घर डावीकडे वळू बघतं
आणि मी उजवा पाय रोवून
सरळ ठेवते.

दोन इंजिनांचं नको, म्हटलं घरी येऊन.
का, ते सांगितलं नाही.
पेट्रोलचं कारण पुढे केलं,
तसलं पेट्रोल बेटावर मिळत नाही,
पिंपं आधी बोटीनं धाडा, मग त्यांची राखण करा.
"दोन घरचा पाहुणा..." मी म्हटलं,
आणि उरलेलं त्यानं पूर्ण केलं.
त्याच्या तोंडून ते "उपाई" असं येतं.
हसला, अर्ध्या तोंडानं,
पण पूर्ण.

नवं पान.
एकच टर्बाइन, केरोसीनवर चालणारं,
पंचवीस हजार फूट.
एकशेवीस मागे, एकशेवीस पुढे,
मधले एकशेतीस, वेग दुप्पट.
सोळा मिनिटं.
सोळाखाली त्यानं दोन रेघा मारल्या,
दुसरी वहीबाहेर गेली, केरळपर्यंत.
"शून्य होत नाही का?"
त्यानं मान हलवली. नाही म्हणून की काय, कळलं नाही.

मग स्वयंपाकघरातला टायमर मागितला,
केकसाठी घेतलेला, टोमॅटोच्या आकाराचा,
आणि सोळावर फिरवून
समुद्रात मधोमध ठेवला.
सोळा मिनिटं किती असतात
ते बघत बसलो.
सातव्याला खालून भंगारवाला ओरडत गेला.
अकराव्याला दाराची बेल वाजली.
कुणी उठलं नाही.